चार नंबरचा दिवा

"बघा, बघा मॅडम, गोठली!" देवरे साहेबांनी हातातलं पेन स्क्रीनच्या काचेवर टकटक वाजवलं. "आता ह्या ट्रॉल्या कुठं आहेत ते तुम्हीच सांगा. नाहीतर देवीला विचारा."

स्क्रीनवर शिरसाईचा डोंगर हिरव्या रेघांनी काढलेला होता. पायथ्यापासून वरच्या देवळापर्यंत रोपवेचे टॉवर, प्रत्येक टॉवरच्या डोक्यावर एक दिवा, आणि दोरावरून सरकणाऱ्या ट्रॉल्यांचे ठिपके. ते ठिपके जागच्या जागी थिजले होते. खिडकीबाहेर मात्र खरा दोर चालूच होता. एका ट्रॉलीतून कुणाचा तरी नारिंगी पदर फडफडत वर चालला होता.

"रोपवे चालू आहे की बंद, हे कळायला मला खिडकीतून मान बाहेर काढावी लागते," साहेब म्हणाले. "चैत्राची यात्रा तोंडावर आलीय. पौर्णिमेला इथं पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा गोठली तर?"

"करते मी," मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं बोला हो. इथं मोटारीचा आवाज असतो."

मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत होते. ही स्क्रीन आमची नव्हती. ज्यांनी ती केली होती, ते केव्हाच दुकान गुंडाळून गेले होते. दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा आमचे मालक हसत म्हणाले होते, "देवीचं ठिकाण आहे, दाबकेबाईंना पाठवा. काम नाही झालं तरी दर्शन होईल."

दुखणं मला पहिल्याच दुपारी सापडलं. टॉवरकडून काही निरोप आला, मग तो कितीही किरकोळ असो, की ही स्क्रीन सगळा डोंगर पुसायची आणि नव्याने काढायची. एक ट्रॉली एका टॉवरवरून गेली, की डोंगर पुसा, डोंगर काढा. गर्दीच्या दिवशी निरोपांची अशी झुंबड उडे की पहिला डोंगर काढून होण्याआधी पुढचे निरोप दारात उभे. मग ती बिचारी थिजायची. आजाऱ्याला दर घोटाला उठवून बसवलं तर तो किती वेळ उठेल?

संध्याकाळी शेवटची ट्रॉली खाली आली. तिकीट खिडकी बंद झाली. साहेब मोटारसायकलला किक मारताना मला बजावून गेले, "आत ज्योत नको हं, मॅडम. ग्रीस आहे, डिझेल आहे. देवी माफ करेल, इन्स्पेक्टर करणार नाही."

माझा सांजवातीचा नेम मी त्यांना आल्याआल्या सांगितला होता. तिन्हीसांजेला जिथे असेन तिथे निरांजन लावायचं, आणि वात जळेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. सासूबाईंनी जाताना तो माझ्या ओटीत टाकला. त्या म्हणत, दिवसभर आपण सांगत असतो, दिवा आहे तोवर ऐकावं.

मी नियंत्रण खोलीच्या बाहेरच्या पायरीवर बसले. डोंगरावरून वारा उतरत होता, काडी टिकेना. तेवढ्यात आतून कौतिकाबाई अहिरे बाहेर आल्या. संध्याकाळच्या पाळीला त्या स्क्रीनपाशी असत. माझ्याच वयाच्या, सडसडीत. कपाळावर गोंदणाचा ठिपका होता, कुंकू नव्हतं. त्यांनी काही न विचारता ग्रीसचा एक रिकामा डबा आणला, एका अंगाने कापलेला, धुऊन पुसलेला, आणि माझ्या निरांजनाभोवती आडोसा करून ठेवला. वात लागली.

"बोलनार नाही का तुम्ही?"

मी वातीकडे बोट केलं, मग ओठांकडे.

"बरंय," त्या म्हणाल्या. "हितं बोलनारेच लई येतात."

दार उघडं होतं. पायरीवरून मला आतली स्क्रीन दिसत होती. सगळे टॉवर हिरवे. दोर थांबलेला. समोर नळावर पोपट हात धूत होता. पोपट हा रोपवेचा लाइनमन. टॉवरवर चढून चाकांना ग्रीस घालणं, बोल्ट आवळणं हे त्याचं काम. म्हणजे वर कुणी नव्हतं. हात पुसत, "येतो वहिनी," म्हणून तोही गेला.

डोंगराच्या कडा काळ्या झाल्या. आणि तेव्हा चार नंबरच्या टॉवरचा दिवा पिवळा झाला. लगेच हिरवा. परत पिवळा, परत हिरवा. कुणी डोळा मिचकवावा तसं. मग शांत.

पिवळा म्हणजे टॉवरवरचा स्विच दाबला गेला. एवढं मला दुपारच्या अभ्यासावरून माहीत होतं. पण दाबायला वर होतं कोण?

मला विचारता येत नव्हतं. मी कौतिकाबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या होत्या. कोपऱ्यातल्या विजेच्या शेगडीवर त्यांनी चहा ठेवला. दोन कप काढले. मला वाटलं, एक माझा असेल. चहा गाळला, एक कप त्या प्यायल्या. दुसरा तसाच हातात धरून त्या माझ्या बाजूने बाहेर गेल्या, पलीकडच्या चाफ्याखाली थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि तो मुळाशी ओतून आल्या.

वात संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तुमच्यासाठी ठेवते, मॅडम."

मी काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरचा देव्हारा दिसला तर आपण पडदा सरकवून आत बघत नाही.

पुढचे दिवस मी स्क्रीनच्या मागे लागले. पोपट आणि कौतिकाबाई येताजाता डोकावायचे. पोपटाला उत्सुकता फार.

"मॅडम, नेमकं करताय काय ते आम्हाला समजंल असं सांगा."

मी म्हटलं, "देवळात यात्रेच्या दिवशी ओट्या किती येतात? पुजारी दर ओटीला गाभाऱ्यात पळतो का?"

"ह्या! मरंल तो. ताटात गोळा करतो, ताट भरलं की एकदाच आत."

"तेच करतेय. टॉवरचे निरोप आले की लगेच डोंगर काढायचा नाही. ताटात ठेवायचे. ठराविक ठोका पडला की सगळे एकदम दाखवायचे. आणि एकाच टॉवरचे पुष्कळ निरोप साचले असतील तर शेवटचा तेवढा घ्यायचा."

"म्हंजे एका बाईनं रांगेत उभ्या उभ्या दहा वेळा नवस बदलला," पोपट म्हणाला, "आधी पोरगं माग, मग सुनेची बदली माग, मग म्हैस माग, तर देवीला फक्त म्हैस कळनार!"

आम्ही हसलो. कौतिकाबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात कपावरच्या फडक्यात थांबला होता.

"मॅडम, एखादा टॉवर पिवळा झाला अन् लगीच हिरवा झाला तर?"

"एकाच ठोक्यात दोन्ही झालं तर हिरवाच दिसेल. शेवटचं खरं धरायचं."

"म्हंजे आला अन् गेला, तर आलाच नव्हता म्हनायचं?"

"स्क्रीनपुरतं," मी म्हटलं.

"स्क्रीनपुरतं," त्या म्हणाल्या, आणि कप विसळायला नळावर गेल्या. पोपट माझ्याकडे बघून उगीच खाकरला आणि पान्यांची पिशवी घेऊन निघून गेला.

नव्या स्क्रीनची चाचणी रविवारी घेतली. डोंगरावर गर्दी होती, लोक ट्रॉलीत गुळाच्या ढेपांसारखे बसले होते, आणि ठिपके पाण्यावरून बदक जावं तसे सरकत होते. कुठे अडणं नाही, थिजणं नाही. देवरे साहेब खुर्चीवर रेलून बसले.

"लोण्यासारखी चाललीय हो! मॅडम, तुम्ही रोज सकाळी देवीचा पाठ म्हणता ना, त्यात माझं नाव घाला."

"घेते," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला!"

त्या संध्याकाळी मी पायरीवर डबा मांडला, निरांजन लावलं. कौतिकाबाई आत स्क्रीनसमोर बसल्या होत्या. शेगडीवर पातेलं होतं, पाणी घातलेलं, पण शेगडी लावलेली नव्हती. त्या वाट बघत होत्या.

कडा काळ्या झाल्या. चार नंबर हिरवा राहिला.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. चार नंबर हिरवा. त्यांनी पदराने काच पुसली. दोर स्तब्ध, टॉवर स्तब्ध, सगळा डोंगर कसा निर्मळ हिरवा. मी केलेलं काम चोख होतं. आयुष्यात त्याआधी आणि नंतरही मी पुष्कळ स्क्रीन केल्या, पण इतकी शांत स्क्रीन मला कधीच इतकी भयंकर वाटली नाही.

बऱ्याच वेळाने त्या उठून बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

"तुम्ही बोलनार नाही म्हनून सांगते," त्या म्हणाल्या. "बोलनाऱ्याला सांगितलं की तो मधीच समजूत घालतो."

वात संथ जळत होती.

"आमचे हे, हिरामण, लाइनमन होते. पोपटच्या जागी. मी तवा तिकीट खिडकीत. मधी काच, तिच्यातून ही स्क्रीन दिसायची. चार नंबर हाये ना, तो कड्याच्या नाकाआड हाये. वायरलेस लागत नाही तिथं. मग वर पोचलं की हे तो स्विच हातानं दाबायचे, दोन-तीनदा. हितं दिवा पिवळा-हिरवा व्हायचा. ऑपरेटरला कळायचं, हिरामण वर हाये, दोर हलवायचा नाही. अन् मला कळायचं, आता चहा ठेवायचा. ग्रीस घालून पायऱ्या उतरून येईस्तवर चहा व्हायचा. कुनी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच काढलं होतं."

त्यांनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला.

"त्या दिशी यात्रेचा दुसरा दिवस. ही स्क्रीन गोठलेली. कुनाला कळलंच नाही की गोठलीय, समदे दिवे हिरवे होते. ह्यांनी वरून दाबलं असंल. कितीदा दाबलं असंल. हितं हिरवंच. ऑपरेटरला वाटलं, अजून चढले नाहीत, तवर ट्रॉल्या आत घेऊ. त्यानं दोर सोडला."

खाली गावात कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"त्या दिशी मी चहा ठेवलाच नव्हता, ताई. खूण आली नाही म्हनून."

त्या मला पहिल्यांदाच ताई म्हणाल्या.

"मग मला हितं घेतलं, स्क्रीनवर. पहिल्या उन्हाळ्यात एका सांजेला बघते तर चार नंबर पिवळा. वर कुनी नाही. पोपट घरी. पिवळा, हिरवा, पिवळा. मी भ्यायले नाही. उठले अन् चहा ठेवला. तवापासून रोज उन्हाळ्यात येतो. पावसाळ्यात नाही येत. कुनाला बोलले नाही." त्यांनी आत स्क्रीनकडे बोट केलं. "ही स्क्रीन नीट करा म्हनून साहेबांच्या मागं मीच लागले होते. परत कुनाचा माणूस असा जाऊ नये. मला काय ठावं, नीट झाली की हे दिसनार नाही."

मी आत गेले. लॅपटॉप उचलून पायरीवर आणला आणि मांडीवर उघडला. टॉवरचे निरोप जसेच्या तसे, ताटात पडण्याआधी, दाखवणारी एक काळी खिडकी मला त्यात उघडता येत असे. ती उघडली. काळ्या खिडकीत काहीच नव्हतं. आम्ही दोघी बघत राहिलो. आणि मग एक पांढरी ओळ आली. तिच्याखाली दुसरी. मग तिसरी.

मी ओळीतल्या चारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा तोच?"

मी मान हलवली.

"म्हंजे येतोय. फक्त दिसत नाही."

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी तळहात त्या काचेवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि ओळी थांबेपर्यंत काढला नाही.

वात तडतडली आणि विझली. आता मला बोलावं लागणार होतं. वात आणखी थोडी जळून नेम चालू राहिला असता तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

"कौतिकाताई," मी म्हटलं, "दिवसभर लोखंड तापतं. सांजेला निवतं. निवताना वर काहीतरी हलतंय आणि स्विच दाबला जातोय. म्हणजे वर काहीतरी सैल झालंय."

"ठावं हाये मला. येडी समजता का?"

"मग कुणाला..."

"सांगितलं असतं तर पोपट पाना घेऊन चढला असता," त्या म्हणाल्या. "आवळून आला असता. मग?"

त्यांनी डब्यातलं विझलेलं निरांजन उचललं, हातात फिरवलं.

"तुम्ही कुठंबी असा, ही वात लावता. उद्या कुनी म्हनलं, ताई, हे तेल अन् कापूस हाये, दुसरं काय नाही, बंद करा. कराल?"

पण डोळ्यांसमोर सकाळच्या ट्रॉल्या होत्या. आजीच्या मांडीवर उभं राहून काचेला नाक लावणारं एक पोरगं होतं. आणि आता माझी नवी शांत स्क्रीन हे दुखणं कुणालाही दाखवणार नव्हती. जुनी निदान मिचकावत होती. जगात हे ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो.

"मी उद्या देवरे साहेबांना सांगणार आहे," मी म्हटलं. "तुम्हाला न सांगता जाणार नव्हते, म्हणून आत्ता सांगतेय."

आयुष्यभर लोकांनी मला मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. ते वाक्य मी फार हळू बोलले होते, पण त्यांना ते पुरेसं मोठं गेलं. त्या उठल्या, पातेल्यातलं पाणी ओतून दिलं, खोलीला कुलूप लावलं आणि माझ्याकडे न बघता उतारावरून निघून गेल्या. चाफ्यापाशी थांबल्या नाहीत.

सकाळी मी पाठ उरकून रोपवेवर पोचले. देवरे साहेब दारातच उभे होते. डोक्याला हेल्मेट, चेहरा उतरलेला.

"रोपवे थांबवलाय," ते म्हणाले. "चार नंबरला काहीतरी आहे म्हणे. पोपट चढलाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कौतिकाबाईंनी. उजाडायच्या आत माझ्या घरी आल्या. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, रोज सांजेला चार नंबर मिचकतो, पोपटला वर पाठवा, त्याचीबी बायको हाये."

कौतिकाबाई आत स्क्रीनसमोर होत्या. मी आत गेले तेव्हा त्यांनी फक्त खुर्ची थोडी सरकवून मला वाट दिली.

पोपट दुपारी खाली आला. नेहमी काहीतरी बोलणारा माणूस, नळावर जाऊन कितीतरी वेळ नुसतं पाणी तोंडावर मारत राहिला. मग साहेबांच्या हातात त्याने एक बोल्ट ठेवला. चाकांची चौकट टॉवरला धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी तो एक. त्याला अर्ध्यापर्यंत चीर गेली होती. आतला भाग गंजून तांबडा झालेला, वरची कड ताजी, चकचकीत.

"दुसरा पन ढिला व्हता, साहेब. सांजेला गार झालं की चौकट सरकायची अन् स्विचच्या दांडीला घासायची. यात्रेचं वजन आलं असतं तर..."

साहेबांनी बोल्ट टेबलावर ठेवला. कौतिकाबाईंनी तो उचलला नाही, नुसता बघितला.

"किती दिवस सांगत होता," त्या म्हणाल्या.

साहेबांना वाटलं, त्या बोल्टाविषयी बोलताहेत. "हो ना," ते म्हणाले. "आपलंच लक्ष नव्हतं."

चौकट नवी बसली, बोल्ट नवे, स्विचही नवा. त्या कामाला लागले तितके दिवस मी स्क्रीनवर आणखी थोडं काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं. ठोक्यांचं ताट तसंच ठेवलं, कारण त्यावाचून स्क्रीन पुन्हा थिजली असती आणि कुणाचा तरी हिरामण वर राहिला असता. पण टॉवर ठोक्याच्या आत पिवळा होऊन परत हिरवा झाला, तर त्या हिरव्याभोवती एक पिवळं कडं राहील असं केलं. कुणीतरी ते बघून, बोट लावून पुसेपर्यंत राहील. आपोआप जाणार नाही.

"ही नवी भानगड कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आला आणि गेला, तर आला होता असं कळायला हवं."

"कोण?"

"निरोप," मी म्हटलं.

कौतिकाबाई मागे उभ्या होत्या. संध्याकाळी मी पायरीवर गेले तेव्हा डबा आधीच मांडलेला होता, आणि वातीला नवा कापूस ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी परत जाणार होते. त्या संध्याकाळी पोपट यात्रेआधीचं शेवटचं ग्रीस घालायला वर गेला. अपघातानंतर तिथे एक नियम झाला होता. दोराच्या मोटारीची चावी लाइनमन स्वतःच्या खिशात घेऊनच वर चढे, म्हणजे तो उतरेपर्यंत दोर हलणं शक्यच नव्हतं. तरी निघताना कौतिकाबाईंनी त्याला दटावलं.

"चावी खिशात असू दे. पन पोचलास की दाब."

"दाबतो की वहिनी. आता तुमच्या टीव्हीला कडंबी येतं म्हनं. सोन्याचं असतं तर मीच पळवलं असतं."

"जा, वाचाळ मेल्या."

त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी वात लावली. बोलणं संपलं. आत स्क्रीनवर सगळा डोंगर हिरवा. नव्या बोल्टांनी आवळलेला चार नंबरही हिरवा. कड्यावरचं ऊन सरकत सरकत देवळाच्या कळसावर गेलं आणि तिथून सुटलं. चाफ्याची पानं हलायची थांबली.

चार नंबरभोवती पिवळं कडं उमटलं.

कौतिकाबाईंनी शेगडी लावली. पातेल्यात पाणी, साखर, आल्याचा तुकडा. त्यांच्या हातांना घाई नव्हती. दोन कप काढले, एक त्यांचा, एक पोपटचा. कडं त्यांनी पुसलं नाही, राहू दिलं.

चहा उकळून बाजूला ठेवला तेव्हा पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला. पोपट घामाने निथळत आला, चावी टेबलावर टाकली आणि दारातच उकिडवा बसला.

"वहिनी, शिव्या घालू नका. खूण द्यायची राहिली."

कौतिकाबाईंचा हात गाळणीवर थांबला.

"चढता चढता पट्टा अडकला. तो सोडवस्तवर अंधारून आलं. मग म्हनलं, चावी तर खिशात हाये, आधी ग्रीस उरकू. स्विचला हात लावायचा राहूनच गेला बघा."

मी दाराशी होते. वातीचा उजेड माझ्या हातांवर पडला होता. कौतिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आत स्क्रीनवर ते कडं तसंच होतं.

"कोपर लागलं असंल," त्या म्हणाल्या.

"असंल," पोपट म्हणाला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग अंधारातल्या कड्याकडे, आणि पुन्हा म्हणाला, "असंल बा."

त्यांनी फळीवरून तिसरा कप घेतला. तिन्ही कपांत चहा ओतला. पोपटचा पोपटला दिला. स्वतःचा तिथेच ठेवला. तिसरा घेऊन त्या माझ्या बाजूने बाहेर गेल्या, त्यांच्या पदराच्या वाऱ्याने वात लवली, पुन्हा सरळ झाली. चाफ्याखाली त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. या वेळी खूप वेळ.

लॅपटॉप माझ्याजवळच पायरीवर होता. ती काळी खिडकी उघडली असती तर निरोप नेमका कसा आला होता, किती वेळ दाबला गेला होता, कोपराचा होता की बोटांचा, याचा थोडा तरी अंदाज मला आला असता. माझं कामच होतं ते. मी झाकण उघडलं नाही.

डब्याच्या आडोशाला वात लहान होत गेली. निळी झाली. विझली.

तरी मी काही बोलले नाही.